चाक आपल्याकडे

गोडदेवच्या शिवणक्लासात पहिला आठवडा आम्हाला दोरा मिळालाच नाही. सुईखाली वहीचा रेघी कागद धरायचा आणि रेघेवर नुसती भोकं पाडत जायचं. माझी मशीन पाच-सहा टाके नीट जाई नि मग उलटी फिरे. "चाक आपल्याकडे आलं पाहिजे," बाई पुन्हा पुन्हा सांगत. मनाला कळायचं, पायाला कळत नव्हतं.

त्यातच घरी ठरलं, मशीन घेऊन टाकू. भाईंदर स्टेशनकडच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "टेलर मॉडेल दाखवू की अंब्रेला? पायाची की मोटरची?" मला एकाचंही उत्तर येईना. समोर एक पांढरी, हलकी मशीन होती. झिगझॅग, काज, वेलबुट्टीचे टाके, सगळं तिच्यात. बाजूला काळी लोखंडी, फक्त सरळ टीप मारणारी. जीव पांढरीवरच गेला. काहीच न घेता परतलो, पण रात्रभर तीच डोळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं, कुठली चांगली? त्यांनी उलट विचारलं, "तू शिवणार काय?" अभ्रे, परकर, लेकीचा फ्रॉक, जमलं तर वर्षाअखेर ब्लाऊज. मोजून पाहिलं, सगळ्याला सरळ टीपच लागत होती.

मग त्यांनी मशीनची सरकती पट्टी बाजूला केली, दोरा ओवला आणि चाक हातानं सावकाश फिरवलं. सुई खाली गेली. वर येताना दोऱ्याचा छोटा फास तयार झाला. शटलच्या टोकानं तो पकडून बॉबिनभोवती फिरवला आणि दोन्ही दोरे कापडात एकमेकांत अडकले. ही दोन दोऱ्यांची रीत एलायस हाऊ यांनी अमेरिकेत पेटंट केली ती 1846 मध्ये. पांढरी असो की काळी, सरळ टीप अशीच पडते. चाक उलटं फिरलं की फास चुकतो आणि दोऱ्याचा गुंता होतो. आठ दिवस बाई जे सांगत होत्या ते मला त्या क्षणी दिसलं. दुकानात हे कुणी दाखवलं असतं तर किती बरं झालं असतं!

मोटर नवशिक्याला पळवते, पाय मात्र हवं तिथे थांबतो, असं बाईंचं म्हणणं. आणि काळीला मोटर पुढे कधीही बसवता येते. काळीच घेतली, पायाच्या स्टँडसकट. आमच्या एका खोलीत जागा काढायला कपाट सरकवावं लागलं. उजेडासाठी मशीन दाराशी आली आहे.

काल जुन्या सुती साडीचा परकर बेतला. कळ्या जोडताना चाक एकदाही उलटं गेलं नाही. पण शेवटची टीप दोन सूत बाहेर गेली आहे. उसवावी की राहू द्यावी, ते उद्या बाईंना विचारणार आहे.