नकाशात सडा कुठाय?

दिवाळीच्या सुट्टीत लेकाला शाळेतून प्रकल्प मिळाला, भीमगड अभयारण्याचा नकाशा. लेक नववीत, कन्नड माध्यमात. (सासर धारवाडकडचं, त्यामुळे तो निकाल लग्नातच लागला होता.) त्याने पुठ्ठ्यावर खानापूर तालुका काढला, पश्चिमेकडचा तुकडा गडद हिरवा रंगवला आणि वर कन्नडमध्ये लिहिलं, 'भीमगड वन्यजीवी धाम, १९० चौ. कि.मी., २०११'. झाला प्रकल्प! मी कॉलेजात मराठी शिकवते, भूगोलातलं मला फारसं कळत नाही. पण आईचं माहेर त्याच हिरव्या तुकड्यात आहे, तेव्हा म्हटलं, चल, मामांना दाखवून येऊ.

मामांचं गाव हेम्माडग्याच्या पलीकडे, रानातल्या डझनभर वस्त्यांपैकी एक. गावाचं नाव इथे लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. जीप सोडल्यावर पाऊण तास पायी. सुगीचे दिवस, अंगणात भाताचे भारे. मामांनी हात पुसून चष्मा लावला आणि पुठ्ठा बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला.

"सगळं हिरवंच होय रे? मग सडा कुठाय?"

लेक माझ्याकडे बघायला लागला. सडा हा शब्द मी आईच्या तोंडून शंभरदा ऐकलेला, पण पाहिला होता लहानपणी एकदाच, तोही मे महिन्यात, पाय भाजत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आम्हाला वर घेऊन गेले. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. वर माती बोटभर, तीही खळग्यांत. झाड उगवेल कशावर? पावसाळ्यात त्या खळग्यांत पाणी साचतं आणि सीतेची आसवं फुलतात, जांभळ्या चादरी अंथरल्यासारखी. दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती तिथेच किडे धरून खाते, कारण दगडावरच्या मातीत तिला पुरेसं पोषण मिळत नाही. आम्ही गेलो तेव्हा फुलं संपली होती, नुसतं पिवळं गवत. पण गव्यांचे खूर चिखलात वाळून राहिले होते. "रात्री ह्येच्यावर चरायला येतेत, दिवसा रानात," मामा म्हणाले. म्हणजे गव्याला सडाही लागतो आणि रानही. लेकाने खिशातून पिवळी पेन्सिल काढली.

सड्याच्या कडेला कारवी. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलली की मरते. तिच्या खाली उतारावर ऐन, किंदळ, नाणा, पानगळीचं रान. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. लेकाने हात लावून पाहिला आणि म्हणाला, "ही तर मत्ती! आमच्या पुस्तकात आहे." मामा हसले. झाड एकच, नावं दोन, आमच्या घरातल्या माणसांसारखी.

त्याच्याही खाली ओढ्याकाठी बारमाही हिरवं रान. ऊन खाली पोचत नाही, पानांवर जळवा. शेकरूचं घरटं मामांनी काठीने दाखवलं, आम्हाला दिसेपर्यंत मानेला रग लागली. ते पाणी म्हादईला जातं. म्हादई देगावच्या बाजूला उगवते, गवाळीजवळ वज्रपोह्यावरून उडी घेते आणि गोव्यात जाऊन मांडवी होते. उत्तरेला कणकुंबीत, माउलीच्या देवळापाशी मलप्रभा निघते. ती उलटी, पूर्वेला, कृष्णेकडे. एकाच तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांना जातो, म्हणून तर भांडणं.

बारापेडे गुहा आम्ही पाहिल्या नाहीत. तळेवाडी-कृष्णापूरच्या बाजूला त्या चुनखडीच्या गुहा आहेत. १९१३ साली शास्त्रज्ञांनी तिथल्या एका वटवाघळाची जगाला ओळख करून दिली. मोठाले कान, शेपटी पडद्याच्या बाहेर सुटलेली. पुढे कित्येक वर्षं ते जगात दुसरीकडे कुठेच माहीत नव्हतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. लेकाने नकाशावर काळा ठिपका दिला आणि 'बावली' असं लिहिलं. त्या गुहेत माणसांनी वर्दळ करू नये, अशा मताची मी आहे.

रात्री जेवताना मात्र माझी जीभ घसरली. रान किती बारकाईने ठाऊक आहे तुम्हाला, मामा, तुम्ही इथून गेलात तर ही माहिती कोण सांगणार, असं काहीतरी मी बोलले. मामा गप्प राहिले. बोलल्या त्या मामी.

"तू दोन दिसांची पाव्हणी. पावसात ओढा चढला की ह्या गावातनं बाहेर निघता येत नाही. मला ताप मेंदूत गेल्ता तवा चौघांनी डोलीतनं नेली. तुझे मामा पुढं, हातात बॅटरी."

तळेवाडीतल्या काही कुटुंबांनी २०२५ साली शासनाची भरपाई स्वीकारली. कुटुंबाला पंधरा लाख. तेव्हापासून मामांच्या गावातही घराघरात हीच चर्चा आहे. कोणाला जायचं आहे, कोणाला नाही, एका घरात बाप-लेकाचं पटत नाही. म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. मामींना जायचं आहे. मामांनी अजून काही सांगितलेलं नाही. मला काय वाटतं याला तिथे किंमत नव्हती, आणि नसावीच. मी बेळगावात नळाच्या पाण्यावर राहते.

निघायच्या दिवशी सकाळी लेक पुठ्ठा घेऊन मामांच्या शेजारी बसला. मामा सांगत होते, तो मराठी नावं कन्नड अक्षरांत लिहीत होता. सडा, कारवी, राई, ओढा. पुठ्ठ्यावर आता पाच रंग होते. मामी भाकऱ्या बांधून बाहेर आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "आणि माझी डोलीची वाट?"

लेकाने तांबड्या पेन्सिलीने गावापासून हेम्माडग्याच्या रस्त्यापर्यंत तुटक रेघ ओढली.

"किती वेळ लागला होता, अज्जी?"

"चार तास."

त्याने रेघेवर ४ लिहिलं.