पुड्यातील मासळी

समुद्रकाठी वाढलेल्या माणसाला गोड्या पाण्याची मासळी रुचत नाही, अशी आमच्या घरात परंपरागत समजूत होती. नोकरीनिमित्त आम्ही उभयता वसईहून यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीस आलो, तेव्हा पापलेट आणि बोंबील मागे राहिले. पुढ्यात आले रोहू, कटला आणि क्वचित मरळ. आई वारल्यानंतर वडीलही आमच्याकडे आले. त्यांनी पहिल्याच घासाला ताट दूर सारले. "चिखल लागतो रे," एवढेच म्हणाले.

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पाण्यातील सूक्ष्म जीव मातकट वासाचे एक द्रव्य निर्माण करतात, ते माशाच्या अंगात मुरते. आंबटाने त्याचा जोर ओसरतो. म्हणून चिंचेचा कोळ लावून मासळी मुरत ठेवायची. बाजारातील तळणाऱ्या बाईंना हे शास्त्र कोणी शिकविले नसावे, पण हात अचूक. रोहूच्या बारीक काट्यांवर त्या आडव्या चिरा देतात आणि तुकडा कुरकुरीत होईपर्यंत कढईतून काढीत नाहीत.

प्रायश्चित्तकाळातील एका शुक्रवारी आम्ही त्यांच्याकडून मासळीचा एक पुडा बांधून घेतला आणि शेजारच्या गाड्यावरून बटाट्याच्या कापांचा दुसरा. (मांस वर्ज्य म्हणून तळलेली मासळी खाणे हे प्रायश्चित्त की मेजवानी, हे धर्मगुरूंना आम्ही अद्याप विचारलेले नाही.) इंग्लंडात हीच जोडी कागदात गुंडाळून घरी नेतात. तळलेली मासळी तेथे स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यू कुटुंबांनी नेली, असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात कितीतरी अन्नावर रेशन आले, या जोडीवर मात्र आले नाही. परक्यांचा पदार्थ असा त्या देशाचाच होऊन बसला.

वडिलांना हे ऐकविले, तर म्हणाले, "त्यांच्याजवळ समुद्र होता."

वीज गेली होती. गावात कसलाही आवाज नव्हता. कंदिलाच्या उजेडात पुडा सोडला, लिंबू पिळले. वडिलांनी एक तुकडा उचलला, बोटांनी चाचपून काटे वेगळे केले आणि तो नातीच्या ताटात ठेवला. मग दुसरा. पूर्वी आईला ते असेच काटे काढून देत. ती गेल्यापासून त्यांनी कोणासाठी काढले नव्हते. तिसरा तुकडा त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला. आम्ही एकमेकांकडे पाहण्याचेही टाळले.

"बटाटे निवतील," ते म्हणाले, "तोही पुडा सोडा."