रोमच्या दगडांवर कोणाची नावे?

इटलीची राजधानी रोम येथे जाणारा प्रवासी प्रथम कोलोसियम पाहतो. आम्हीही तेच केले. इ.स. ८० मध्ये टायटस बादशहाने खुल्या केलेल्या या प्रेक्षागृहात सुमारे ५० हजार माणसे बसत. कशासाठी? माणसांना माणसांशी आणि हिंस्र पशूंशी झुंजून मरताना पाहण्यासाठी! झुंजणारे बहुतेक गुलाम, कैदी असत.

जवळच टायटसची कमान आहे. इ.स. ७० मध्ये रोमन फौजेने जेरुसलेमचे ज्यूंचे मंदिर उद्ध्वस्त केले. तिथून लुटलेला सात शाखांचा दीप खांद्यावर मिरवणारे विजयी लोक कमानीच्या आतल्या बाजूस कोरले आहेत. वर टायटसचे नाव मोठ्या अक्षरांत आहे. दगड वाहणाऱ्यांचे नाव कुठेच नाही.

मुख्य रेल्वे स्टेशनसमोरील संग्रहालयात आम्ही गुलामाच्या गळ्यातील लोखंडी पट्टा पाहिला. त्याला काशाचा बिल्ला आहे. मी पळालो आहे, मला धरा, झोनिनस या माझ्या धन्याकडे परत नेलेत तर सोन्याचे नाणे मिळेल, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. धन्याचे नाव आहे, गुलामाचे नाही. पट्ट्यापुढून आमचा पाय हलेना. पेशवाईत आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात जगापुढे मांडले. रोमन गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलनाही बाबासाहेबांनी केली आहे. रोममध्ये धनी गुलामाला मुक्त करू शकत असे आणि मुक्त झालेल्याची पुढची मुले स्वतंत्र जन्मत. आपल्याकडे मात्र अस्पृश्यता बापाकडून मुलाकडे जात राहिली.

शहराबाहेर आप्पिया नावाचा प्राचीन रस्ता आहे. काळे दगड आजही पायाखाली लागतात. कापुआ गावच्या आखाड्यातून पळालेल्या स्पार्टाकसने इ.स.पू. ७३ मध्ये गुलामांचे बंड उभारले. दोन वर्षांनी ते मोडल्यावर ६ हजार बंडखोरांना कापुआ ते रोम याच रस्त्याच्या कडेने क्रुसावर खिळले गेले. येशू ख्रिस्ताला दिलेली शिक्षाही हीच. पुढे त्याचा अनुयायी पौल कैदी म्हणून याच वाटेने रोमला आला, असे बायबल सांगते. ज्या साम्राज्याने येशूला खिळले, त्याच्याच राजधानीत आज क्रूस वंदनीय आहे. दडपलेला विचार मरत नाही, हे या रस्त्यावर कळते.

बंधू-भगिनींनो, रोमला जाणे आपल्यापैकी किती जणांना परवडणार? पण लोणावळ्याजवळील कार्ले लेणे तर आपल्या घरचे आहे. तेही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्या उपासकांची नावे आहेत, त्यांत परदेशातून आलेले यवनही आहेत. आणि दाराशी लिहिले आहे की, हे दार धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने केले. सुताराचे नाव, दगडात! बुद्धाच्या धम्मात श्रम करणाऱ्या हातांना असा मान होता.

मुलांना घेऊन कार्ल्याला जा. सामीचे नाव त्यांना बोटाने दाखवा.