हुंडणावळ

परदेशी जायचं ठरलं की आपल्याकडे बोलणी सुरू होतात ती थंडीच्या कपड्यांपासून. मग थालीपिठाची भाजणी किती न्यायची, मेतकूट चालेल का, औषधं सहा महिन्यांची घ्यायची की तीन... आणि पैसे? "पैशांचं काय एवढं, लेक आहे ना तिकडे!" असं कुणीतरी म्हणतं आणि विषय संपतो.

माझ्या मते विषय तिथेच सुरू व्हायला हवा. आमच्या वयाची बरीच मंडळी हल्ली लंडन, न्यू जर्सी, सिंगापूरला मुलांकडे जाऊन-येऊन असतात. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या मुलांसाठीही, हे लिहिते आहे.

आधी एक जुना शब्द. हुंडणावळ. एका गावी पैसे भरायचे, सावकाराची हुंडी घ्यायची आणि दुसऱ्या गावी ती वटवायची. या सोयीसाठी सावकार जी आकारणी करी ती हुंडणावळ. रोकड जवळ बाळगून प्रवास करण्यातला धोका आपल्या लोकांना चांगला ठाऊक होता. 'माझा प्रवास' लिहिणाऱ्या गोडसे भटजींची कमाई १८५७ च्या धामधुमीत कशी लुटली गेली, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

तिच्या जोडीचा दुसरा शब्द म्हणजे बट्टा. एक नाणं देऊन दुसरं घेताना सोसावी लागणारी खोट. आमचे वडील मराठवाड्यातले, म्हणजे निजामाच्या मुलखातले. तिकडे चालायचा हाली रुपया. बार्शी पडली इंग्रजी हद्दीत, त्यामुळे बार्शीच्या बाजाराला जायचं तर कलदार रुपये लागत. सात हालीला सहा कलदार असा ढोबळ हिशेब. (हाली रुपया १९५९ मध्ये कायमचा गेला.) वडील म्हणायचे, "भाव सगळेच सांगतात, बट्टा किती ते विचारावं."

क्रेडिट कार्ड निवडताना मला दहा जाहिरातींपेक्षा हे एक वाक्य जास्त उपयोगी पडलं.

तर आजची हुंडणावळ अशी. आपलं कार्ड लंडनच्या दुकानात वापरलं की व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखी कंपनी आपल्या दराने पौंडाचे रुपये करते. हा दर सहसा बरा असतो. त्यावर आपली बँक स्वतःचा टक्का चढवते, त्याला 'फॉरेन करन्सी मार्कअप' म्हणतात. बऱ्याच साध्या कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो, काही महागड्या कार्डांवर दोनच्या आसपास, आणि काही मोजक्या कार्डांवर चक्क शून्य. शिवाय मार्कअपवर १८ टक्के जीएसटी.

फळ्यावर मांडू या. हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा एक पौंड शंभर रुपयांना आहे आणि आपण हजार पौंड खर्च केले. म्हणजे एक लाख रुपये. साडेतीन टक्क्यांनी मार्कअप ३,५०० रुपये, त्यावर जीएसटी ६३० रुपये, एकूण ४,१३० रुपये. दोन टक्क्यांच्या कार्डावर हीच रक्कम २,३६० रुपये होते. शून्याच्या कार्डावर शून्य. आता एखादं कार्ड म्हणतं, "आम्ही प्रत्येक शंभर रुपयांवर एक रुपयाचे पॉइंट देतो." म्हणजे लाखावर हजार रुपयांचे. एका हाताने ४,१३० घेऊन दुसऱ्या हाताने १,००० द्यायचे, आणि त्याला बक्षीस म्हणायचं! जाहिरातीत मोठ्या अक्षरात पॉइंट असतात. मार्कअप शोधायला चष्मा पुसावा लागतो.

"पण क्रेडिट कार्डच कशाला?" हा ह्यांचा प्रश्न. आमच्या पिढीला क्रेडिट म्हणजे उधारी, आणि उधारी म्हणजे बदनामी. तेव्हा बाकीचे मार्गही तपासले.

रोख पैसे थोडे न्यावेतच. पण लंडनच्या बसमध्ये २०१४ च्या जुलैपासून रोख घेतच नाहीत. कार्ड यंत्राला टेकवायचं आणि आत जायचं. आणि एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं.

फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी पौंड भरून ठेवलेलं कार्ड, हा चांगला मार्ग आहे. दर भरतानाच ठरतो, नंतर पौंड वधारला तरी काळजी नाही. पण पौंड विकतानाच्या दरात बँकेचा नफा धरलेला असतो. पौंडाच्या कार्डावरून पॅरिसला युरो खर्च केले की पुन्हा बट्टा. उरलेले पौंड परत करताना दर आणखी वेगळा.

डेबिट कार्ड मात्र मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. ते थेट आपल्या पेन्शनच्या खात्याचं दार आहे. कार्ड चोरीला गेलं तर पैसे आपल्या खात्यातून आधी जातात आणि पत्रव्यवहार मग सुरू होतो. क्रेडिट कार्डावर आधी बिल येतं. खर्च आपला नसेल तर बिल भरण्याच्या आत तक्रार करता येते. हॉटेलवाले अनामत म्हणून रक्कम अडकवून ठेवतात तीही कार्डाच्या मर्यादेतून जाते, आपल्या शिलकीतून नाही. बिलाच्या तारखेला पूर्ण रक्कम भरली तर व्याज नाही. 'मिनिमम ड्यू' नावाच्या आकड्याकडे मात्र ढुंकूनही बघू नये. उरलेल्या रकमेवर बऱ्याच कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्याही वर जातं. सावकार परवडला!

हे सगळं टिपण वहीत करून एका बँकेत गेले. तिथला मुलगा नम्र होता. त्याने आधी एक रंगीत माहितीपत्रक दिलं, विमानतळावरची विश्रांतीची दालनं फुकट, गोल्फ फुकट. (ह्यांना गुडघ्याचा पट्टा बांधल्याशिवाय जिना चढवत नाही, आणि गोल्फ!) मग वय विचारलं. मग म्हणाला, "काकू, तुमच्या वयाला हे कार्ड बसत नाही. तुमच्या मिस्टरांनाही नाही बसणार. ताईंना तिकडे त्यांच्या कार्डावर तुमचं नाव घालायला सांगा ना. खर्च तर त्याच करणार!"

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण तीस वर्षं नोकरी केली, घरासाठी घेतलेल्या कर्जाचा एक हप्ता कधी चुकला नाही, आणि आता स्वतःच्या पैशाने स्वतःचा चहा प्यायचा तर लेकीची पुरवणी व्हायचं? पायऱ्या उतरताना मला फार लहान झाल्यासारखं वाटलं.

वाट दुसऱ्या बँकेत सापडली. कित्येक बँका मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड देतात. आपली ठेव तारण म्हणून राहते, तिचं व्याज चालू राहतं, आणि ठेवीच्या बेताने खर्चाची मर्यादा मिळते. पगाराची चिठ्ठी लागत नाही. वयाची अट बँकेगणिक वेगळी असते, ती विचारून घ्यावी. अशा कार्डांमध्ये मार्कअप शून्य असलेलंही मिळतं, पण दरपत्रक स्वतः वाचायचं, कारण या अटी बँका बदलत असतात. मी माझ्या नावाचं कार्ड घेतलं आणि त्यावर ह्यांच्यासाठी ऍड-ऑन. ह्यांना म्हटलं, "आता तुम्ही माझी पुरवणी!" हे हसले, पण कार्डावरचं आपलं नाव दोनदा वाचलं.

वार्षिक शुल्काचाही हिशेब करावा. समजा एका कार्डाचं शुल्क पाच हजार आणि मार्कअप शून्य. दुसऱ्याला शुल्क नाही, पण मार्कअप साडेतीन टक्के. पहिलं केव्हा परवडेल? जीएसटी दोन्हीकडे सारखाच, तो सोडून देऊ. पाच हजारांना साडेतीन टक्क्यांनी भागलं की येतात १,४२,८५७ रुपये. परदेशातला वर्षाचा खर्च याहून जास्त असेल तरच ते शुल्क भरण्यात अर्थ. (हा आकडा पाहून जुना मित्र भेटल्यासारखं झालं. एक भागिले सात केलं की दशांशात हेच अंक फिरून फिरून येतात, आणि दुप्पट केली की २,८५,७१४, पुन्हा तेच अंक! मी मराठी आणि इतिहास शिकवायचे, पण गणिताच्या बाई रजेवर गेल्या की त्यांचा तास माझ्याकडे येई, तेव्हा ही गंमत मुलांना दाखवायचे.) असो.

नातेवाइकांपैकी दोघांनी फोनवर विचारलं, "त्या वीस टक्के कराचं काय?" त्याची गोष्ट अशी. २०२३ च्या मे महिन्यात सरकारने परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्चही परदेशी पैसे पाठवण्याच्या मर्यादेत मोजायचं जाहीर केलं होतं. त्यावर बरीच ओरड झाली आणि २८ जून २०२३ ला तो निर्णय पुढे ढकलला गेला. फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कम मात्र त्या मर्यादेत मोजतात. तिथे टीसीएस लागण्याची सीमा एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख झाली. आपल्यासारख्यांची उडी काही तिथवर जात नाही.

आता कार्ड हातात आल्यावरच्या चार गोष्टी.

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्ड फक्त देशातच चालू असतं. परदेशी वापर आपण ऍपमधून किंवा बँकेला सांगून सुरू करायचा. हे निघण्यापूर्वी घरी बसून करावं. दुकानातला वापर आणि ऑनलाइन वापर यांची बटणं वेगळी असतात. परदेशी संकेतस्थळं पुष्कळदा ओटीपी विचारतच नाहीत, म्हणून ऑनलाइनचं बटण गरज नसेल तेव्हा बंद ठेवावं. घरी परतल्यावर दोन्ही बंद.

आपलं भारतातलं सिमकार्ड चालू ठेवावं. बिल भरताना ओटीपी त्याच्यावरच येतो.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढू नयेत. त्याला वेगळं शुल्क असतं आणि बहुतेक कार्डांवर व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दुकानातलं यंत्र कधीकधी प्रेमाने विचारतं, "रुपयांत देता की पौंडांत?" रुपये पाहून आपल्याला गावचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. पण तिथे रुपयांचा दर दुकानदाराच्या बाजूचा असतो, आणि तो बहुतेक वेळा महागच पडतो. वर आपल्याकडच्या अनेक बँका अशा व्यवहारावर आणखी एक टक्क्याच्या आसपास शुल्क आणि जीएसटी घेतात. म्हणजे शून्य मार्कअपचं कार्ड घेऊन केलेली सगळी मेहनत एका बटणाने वाया. पौंडांच्या देशात पौंडच निवडायचे.

एवढा खटाटोप चार हजार रुपये वाचवण्यासाठी का? मुळीच नाही. याआधी लेकीकडे गेलो होतो तेव्हा तिने कशाची उणीव पडू दिली नाही. जावईही गुणी आहेत, न मागता सगळं आणायचे. पण ह्यांचा गुडघ्याचा पट्टा तुटला, तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात तो समोर दिसत असूनही लेक कामावरून येईपर्यंत आम्ही थांबलो. दुकानात गेलो की मी किमतीची चिठ्ठी उलटी करून बघायची आणि वस्तू परत ठेवायची. लेक म्हणायची, "आई, तू काहीच कसं घेत नाहीस गं?" तिला वाटायचं, आईचा काटकसरी स्वभाव. स्वभाव कसला! माझ्या गावात मी भाजीवालीशी दोन रुपयांवरून भांडते आणि मग कढीपत्ता फुकट मागते, कारण पिशवीतले पैसे माझे असतात. दुसऱ्याच्या पैशाने खरेदी करताना माणूस भांडतही नाही आणि मागतही नाही. मग ते दुसरं माणूस पोटची लेक का असेना.

या खेपेला मी कार्ड घेतल्याचं सांगितलं तर ती रुसली. "माझ्या घरी येऊन पैसे काढलेस तर मला राग येईल."

मी म्हटलं, "अगं, तुझ्या वाढदिवसाची भेटही मी तुझ्याच कार्डावर घेऊ का?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "बरं. पण बसचे पैसे तेवढे तुझे, जेवणाचे माझे." तह झाला.

आई-वडिलांना बोलावणाऱ्या मुलांना म्हणून एक सांगावंसं वाटतं. विमानाच्या तिकिटाबरोबर त्यांच्या स्वतःच्या नावाच्या कार्डाचीही चौकशी करा. अर्ज भरायला मदत करा, ऍपमधली बटणं दाखवा, बिल भरायची तारीख त्यांच्या कॅलेंडरवर लिहून द्या. मोठे खर्च खुशाल तुम्ही करा. पण हॉटेलात बाबांनी खिशात हात घातला तर लगेच "अहो बाबा, राहू द्या" म्हणून तो अडवू नका. एखादी कॉफी त्यांची होऊ द्या. घेणं आम्हाला जमू लागलं आहे, पण देण्याची सवय इतकी जुनी आहे की ती सुटली की माणूस पाहुणा होतो.

आणि बाबांनी कार्ड पुढे केलं, की यंत्रावर पौंडच निवडले ना, तेवढं मात्र हळूच बघा!