सल्ल्याच्या पेढीतील हुद्दे

उद्योगधंद्यांना व्यवस्थापनाचा सल्ला देणाऱ्या मुंबईतील ज्या पेढीत माझी उमेदीची वर्षे गेली, तिचे दफ्तर नरिमन पॉइंटला होते, आणि तेथील हुद्द्यांची उतरंड – तळाशी ॲनालिस्ट, त्यावर असोसिएट, मग मॅनेजर, प्रिन्सिपल आणि शिखरावर पार्टनर – महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांना समजावून सांगणे मला शेवटपर्यंत साधले नाही. बढती किती वर्षांनी आणि पेन्शन किती, एवढे दोनच प्रश्न ते विचारीत. आणि बढती न मिळाल्यास दोन-तीन वर्षांत बाहेरची वाट धरावी लागते, हे ऐकल्यावर मुलगा सटोडियांच्या संगतीस लागला असावा, अशी त्यांची समजूत झाली.

या हुद्द्यांचे खरे स्वरूप मला उमगले ते कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यात. उसातून निघणाऱ्या साखरेचा उतारा का घसरतो, हे शोधण्याची कामगिरी पेढीकडे आली होती, आणि नवखा ॲनालिस्ट या नात्याने माझ्या वाट्याला जे काम आले ते असे, की रात्रपाळीला उसाच्या वजनकाट्यापाशी उभे राहावे, प्रत्येक गाडी काट्यावर केव्हा आली आणि गव्हाणीत केव्हा रिकामी झाली ते टिपून घ्यावे, आणि पहाटे त्या टिपणांचे आलेख करावेत. कारण तोडलेला ऊस जितका वेळ ताटकळतो, तितकी त्यातील साखर नासते. माझे आकडे चोख होते, परंतु गट-कचेरीत उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका वयस्क चिटबॉयने आपली मळकी वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हटले, “साहेब, गाड्या किती थांबल्या ते तुम्ही लिवताय, पर नोंद सोडून कुणाचा ऊस आधी तुटला, ते हितं हाय.” लागणीच्या तारखांच्या क्रमाने तोड द्यावयाची, हा कारखान्याचा नियम, वहीत मात्र काही वजनदार घरांचा ऊस कोवळाच तुटलेला आणि सामान्य सभासदांचा फडात वाळत राहिलेला स्पष्ट दिसत होता.

आमच्या मॅनेजर बाईंनी ती वही रात्रभर वाचली. अहवालाच्या मसुद्यात त्यांनी कोणाचेही नाव येऊ दिले नाही. केवळ नोंदीचा क्रम आणि प्रत्यक्ष तोडीचा क्रम शेजारी शेजारी मांडून, त्यांतील अंतराबरोबर उतारा कसा घसरत जातो ते एका पानावर दाखविले, आणि चिटबॉयचा माग लागू नये म्हणून सर्व गटांचे आकडे एकत्र केले. उरलेले काम पार्टनरांचे. ते मुंबईहून आले, चेअरमनसाहेबांबरोबर बंगल्यावर दार लावून चहा प्यायले, आणि बाहेर आल्यावर तोड पुन्हा नोंदीप्रमाणे सुरू करण्याचा हुकूम निघाला. आत काय बोलणे झाले, ते आम्हांस कधीच कळले नाही. पुढे स्वतः पार्टनर झाल्यावर तशा खोल्यांत मीही बसलो. आणि तेथे आलेखाहून अधिक उपयोगी पडते ती समोरच्याने आपल्यावर आधीच्या अनेक वर्षांत ठेवलेली भिस्त, एवढेच त्याविषयी सांगता येईल.

वर चढा, नाहीतर बाहेर पडा, हा दंडक मूळचा न्यूयॉर्कच्या वकिली पेढ्यांतला. पॉल क्रॅव्हाथ यांनी तेथे बसविलेली ही घडी विसाव्या शतकात सल्लागारांच्या पेढ्यांनीही उचलली, आणि मॅकिन्झी या सल्लागारी पेढीला वकिली पेशाची शिस्त लावणारे मार्विन बोवर हे स्वतः वकील होते. त्यामागील हिशेब निष्ठुर खरा, पण सरळ आहे : एका पार्टनराच्या हाताखाली आठ माणसे असतील आणि ती सारीच पार्टनर व्हावयाची असतील, तर पेढीचा धंदा आठ-नऊ पटींनी वाढला पाहिजे, आणि तसा तो वाढत नाही. शिवाय बाहेर पडलेला माणूस एखाद्या कंपनीत मोठ्या जागेवर बसून काही वर्षांनी पेढीलाच काम देतो, त्यामुळे त्याला निरोप देताना कमालीचा जिव्हाळा दाखविला जातो. या नियमाविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती बढतीच्या मसलतीविषयी, जेथे नवे काम मिळवून आणणाऱ्याचे वजन झटकन पडते आणि रात्रभर वही वाचणाऱ्याचे पडत नाही. त्या मॅनेजर बाईंचे नाव प्रिन्सिपलच्या जागेसाठी लागोपाठ दोन वर्षे मागे ठेवण्यात आले, आणि त्या एका बँकेत निघून गेल्या.

सल्लागारी पेढीतील सर्वांत अवघड आणि सर्वांत उपेक्षित हुद्दा मॅनेजरचा, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या नेमणुकीचे पत्र ज्यांच्या हाती आले असेल, अशा तरुणांनी पगाराचा आकडा पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा आपला पहिला मॅनेजर कोण असणार, याची चौकशी आधी करावी.