मूषकाविना लेखन

मराठी लिहिणाऱ्याच्या उजव्या हातावर संगणकाने केलेल्या अन्यायाची दाद मागण्यास आजवर कोणी पुढे आल्याचे आमच्या ऐकिवात नाही. इन्स्क्रिप्ट नावाच्या कळफलकावर ज्यांची बोटे बसली आहेत, त्यांस आमचे म्हणणे तत्काळ पटेल. त्यावर स्वर व मात्रा डाव्या हाती आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाती वाटून दिली आहेत. ‘पाटी’ हा साधा शब्द घ्या : उजव्याने प द्यावा, डाव्याने काना, पुन्हा उजव्याने ट आणि डाव्याने वेलांटी. जात्याला समोरासमोर बसलेल्या दोघी जावांप्रमाणे हे हात चालतात. अशात माऊस धरण्यासाठी उजवा हात उठून गेला, म्हणजे डाव्याने नुसते काने व वेलांट्या घेऊन कोणाची वाट पाहत बसावे?

हा प्रश्न आम्हांस शास्त्रार्थाच्या हौसेने सुचलेला नाही. दोन वर्षांपासून आमचा उजवा हात कापतो. कळ दाबण्यापुरता तो अद्याप शाबूत आहे. परंतु माऊस हाती आला की पडद्यावरील बाण इष्ट शब्दाभोवती घिरट्या घालू लागतो, आणि एक शब्द उचलावा तर सबंध परिच्छेद हलतो. भाईंदर पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत लेखनावाचून दुसरा विरंगुळा नाही. तोही सुटण्याची चिन्हे दिसू लागली. स्टेशनाजवळच्या आपल्या दुकानात अर्ज व भाडेकरार टंकून देणारी आमची पुतणी एके दिवशी म्हणाली, “काका, पूर्वेला राहून कोथिंबिरीच्या जुडीसाठी दर वेळी पूल चढून पश्चिमेला कशाला जाता?” आणि तिने माऊस खणात टाकला.

तेव्हापासून आम्ही नवी मुळाक्षरे गिरवीत आहो. कंट्रोलसह बाणाची कळ दाबली की एकेक शब्द ओलांडता येतो; जोडीस शिफ्ट धरली की तो निवडला जातो; एक्सने तो उचलावा, व्हीने हव्या त्या जागी ठेवावा, झेडने केलेले न केलेसे करावे. (हे शेवटचे सामर्थ्य आम्हांस आयुष्यात अन्यत्र कोठे आढळले नाही.) ‘कवि’ या शब्दापुढे बॅकस्पेस एकदा दाबल्यास केवळ वेलांटी पुसली जाते, अक्षर जागेवर राहते, दुसरी वेलांटी दिली की झाले. मराठीत ही सोय किती मोलाची, ते मुद्रिते तपासणाऱ्यांस विचारावे. शिवाय नक्कल घेण्याच्या सीवर आणि ठेवण्याच्या व्हीवर इन्स्क्रिप्टात अनुक्रमे ‘म’ व ‘न’ ही अक्षरे आहेत; जोडून वाचली तर ‘मन’ होते. हा योगायोग आम्हांस फार आवडतो.

डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे आपल्या माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक केले, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताखाली पाच कळांचे एक छोटे यंत्र होते. एका हाताने दाखवावे, दुसऱ्याने आज्ञा द्यावी, अशी त्यांची योजना. जगाने माऊस तेवढा उचलला, पाच कळा मागे राहिल्या. आमच्या गजाननाचा दाखला तर याहून स्पष्ट आहे : वाहन मूषक खरे, परंतु व्यासांचे महाभारत त्याने लिहून घेतले ते हातानेच!

तक्त्याच्या रेघा सरकविणे आणि चित्राच्या कडा कापणे, ही दोन कामे मात्र कळांनी आम्हांस साधत नाहीत. ती आली की आम्ही खणाकडे न पाहता पुतणीला निरोप धाडतो. दुकान बंद करून ती रात्री नऊला येते. तोवर तक्ता वाकडाच राहतो.