दहाच्या आत

ऐन ऑक्टोबरात दिंडोरीच्या बाजारपेठेतील पाइप-फिटिंगच्या दुकानाला उसंत नसते. द्राक्षांची गोडी छाटणी सुरू झालेली असते, ठिबकच्या नळ्या कुठे ना कुठे फुटलेल्या असतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आपलेच काम आधी हवे असते. गेली तीन वर्षे या गर्दीचाच त्या दुकानदाराला आधार वाटत आला होता. पत्नी गेल्यानंतर कुणी कुठे बोलावले, की "सीझन आहे" एवढे दोन शब्द पुरत. उन्हाळ्यात ते पुरत नसत; तेव्हा मुलीचे नाव पुढे करता येई. मुलगी आता आठ वर्षांची झाली होती.

यंदा शाळासोबत्यांनी कोजागिरी एका मळ्यावर ठरवली आणि निरोप त्याला न देता थेट त्याच्या आईला दिला. आईची आश्विनातील आयंबिलची ओळी चालू होती. पौर्णिमा हा तिचा नववा, शेवटचा दिवस. दूध, तूप, तेल, साखर वर्ज्य करून दिवसातून एकदाच जेवणाऱ्या त्या माउलीसमोर "मी थकलोय" ही सबब त्याला सांगवेना.

"जाऊन ये. पोरीला मी झोपवते," ती म्हणाली.

भीती चौविहाराची नव्हती. चातुर्मासात तो सूर्यास्तापूर्वीच जेवतो, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. भीती होती ती दुसऱ्या लग्नाच्या विषयाची. हा विषय काढणारी माणसे वाईट नसतात. काळजीपोटीच बोलतात, आणि म्हणूनच त्यांना उत्तर देता येत नाही. याहून लहान, पण सांगायला लाज वाटावी अशी आणखी एक भीती होती. भाव, उधारी, पाऊस आणि मुलीचा गृहपाठ यांपलीकडे आपल्याला काही बोलता येते का?

निघताना मुलीने विचारले, "किती वाजता येणार?"

"दहाच्या आत."

"पप्पा, हा तर दुकानातलाच शर्ट आहे."

तो आत गेला. कपाटाचा जो खण सहसा उघडला जात नसे, त्यातून शर्ट काढून त्याने तो घातला.

मळ्यावर पाच-सहा जोडपी जमली होती. मोठ्या पातेल्यात दूध आटत होते, जायफळ-केशराचा दरवळ सुटला होता. त्याने हात जोडून नकार दिल्यावर कुणी आग्रह केला नाही. पण सर्वांच्या हाती पेले असताना आपल्या रिकाम्या हातांचे काय करावे, हे त्याला उमगेना. शेवटी तो वेलदोडे सोलत बसला. वेलदोडे कधीच पुरेसे झाले होते, तरी यजमानीणबाईंनी आणखी मूठभर त्याच्यापुढे ठेवले.

बोलणे अपेक्षेप्रमाणेच चालले होते: परतीचा पाऊस, डावणीची धास्ती, माल नेऊन पैसे बुडवणारे व्यापारी. इथवर तो सुखात होता. मग एका मित्राच्या पत्नीने सहज विचारले, "भाऊजी, वहिनींच्या हातच्या खाकऱ्यांना तशी चव कशी यायची हो?"

सगळे गप्प झाले. तीन वर्षांत त्याच्यासमोर कुणी तिचा विषय काढला नव्हता. मायेपोटीच टाळला होता सर्वांनी, पण टाळता टाळता ती जणू कधी नव्हतीच असे होऊन बसले होते.

"ती कुठे करायची!" तो म्हणाला. "नाशिकहून आणायची, आपल्या डब्यात भरायची आणि घरचे म्हणून वाटायची. मला शपथ घातली होती."

हसावे की नाही, कुणालाच कळेना. आधी तोच हसला. मग मळाभर हसू पसरले आणि तिच्या आठवणी निघू लागल्या. काही त्यालाही ठाऊक नसलेल्या. घड्याळाकडे त्याचे लक्ष गेले तेव्हा अकरा वाजत आले होते.

मोटारसायकलपर्यंत पोहोचवायला आलेला मित्र घुटमळला. "एक विचारू?"

"आज नको."

"बरं."

तीन वर्षे ज्या प्रश्नाला तो भीत आला होता, तो दोन शब्दांत परत गेला.

घरी मुलगी दारात रडत बसली असेल, या कल्पनेने त्याने गाडी वेगात आणली. ती आजीच्या कुशीत गाढ झोपली होती; नऊलाच झोपली असावी. याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण थोड्या उशिराने.

सकाळी नवकारशीनंतर आईच्या पारण्याची तयारी झाली. मुलगी शाळेच्या गणवेशात शेजारी बसली होती.

"दहाच्या आत आलात?"

"नाही. सव्वा अकरा वाजले."

"एवढा वेळ काय करत होतात?"

"तुझ्या मम्मीच्या गोष्टी सांगत होतो. खाकऱ्यांची गोष्ट."

आईचा पेला ओठांपाशीच थांबला. "खाकऱ्यांची कसली गोष्ट?"